तिसरा डबा

समोरच्या खोलीत चार घास कसेबसे कोंबून सुगंधा रस्ता ओलांडून आली आणि गिरणीच्या पायरीवरच तिचा पाय अडला. तिसरा डबा जागेवर नव्हता. वीस मिनिटांपूर्वी होता. सकाळपासून लाइट नव्हती, दीडला आली, पहिला डबा दळून झाला, दुसरा दगडावर होता आणि पुढचा तिसरा, तेवढ्यात बाबा म्हणाले, जा, तू जेवून ये, मी बघतो. ती गेली. आणि आता तिसऱ्या जागेवर दुसराच कुणाचातरी डबा, मालनमावशीचा तो तिसरा पार शेवटी, शटरच्या पट्टीला चिकटलेला. एका कानाला चेपलेला तेलाचा डबा, त्यावर निळ्या रंगात वाकडा 'मा'. हजारात ओळखला असता तिनं. आणि एकटा तोच नव्हता. त्याच्याशेजारी आणखी तीन, वर्गाबाहेर उभी केलेली पोरं असतात तसे. चौथा होता तो, सातवा होता तो आणि नववा होता तो. चारही मागच्या चाळीतले.  बाबा पाठमोरे उभे होते. कापडी नळ्याखाली डबा धरून, बोटांनी पीठ चोळून बघत होते, बारीक आलंय का. रोज बघतात तसं. जसं काही झालंच नाही.

बोरीवलीत एवढ्या पिठाच्या गिरण्या, पण बाबांच्या, म्हणजे गिऱ्हाइकांच्या धोंडूकाकांच्या, गिरणीत लोक डबा ठेवून जायचे ते निर्धास्त जायचे. बाई सकाळी साडेसहाला डबा ठेवणार, ऑफिसला जाणार, बाळंतिणीला बघायला जाणार, भांडायला जाणार, कुठंही जाणार. तिच्या वतीनं रांगेत डबा उभा. माणूस नको. डबा म्हणजेच माणूस. सुगंधाला तर डब्यांवरून बायकांचे चेहरे दिसायचे. हिचं झाकण दोरीनं बांधलेलं, म्हणजे ही घरातपण सगळं बांधून ठेवणारी. तिच्या गव्हात खडे, ती बोलण्यातपण तशीच. शाळेत काही डोक्यात शिरलं नाही तिच्या, पण इथं कुणाचं बारीक, कुणाचं रवाळ, कुणाला थालीपिठासाठी जाडसर, सगळं तोंडपाठ. आणि एक गोष्ट इथं आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिला कळली होती, जी प्रत्येक बाईला ठाऊक असते आणि कुणी बोलत नाही. गिरणी कधी पुरती रिकामी होत नाही. नळा कितीही झटका, दांडक्यानं बडवा, आधीच्या दळणाचं मूठभर पीठ दगडात राहतंच, आणि ते पुढच्याच्या डब्यात जातं. प्रत्येकाच्या घरातली पहिली मूठ दुसऱ्या कुणाचीतरी असते. वरच्या मजल्यावरच्यांची खालच्यांच्यात, गुजरात्यांची घाटकोपरहून आलेल्या मास्तरणीच्यात, मागच्या चाळीची सोसायटीत. सगळ्यांच्या पोळ्यांत सगळे. सुगंधाला त्याची गंमत वाटायची. तिला वाटायचं, जिच्या गाळ्यात ही गिरणी ती सोसायटीची एवढी मोठी बिल्डिंग, दारावर पितळी पाट्या, आणि पोटात बघा कोण कोण बसलंय.

रांगेचं वेड बाबांचं. ते वेड कुठून आलं हे घरात सगळ्यांना शंभरदा ऐकून पाठ झालेलं. कापडमिलमध्ये ते सहा वर्षं बदली होते. बदली म्हणजे पहाटे गेटवर जाऊन उभं राहायचं, आत कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम. गेटवर चाळीस माणसं, जागा पाच. जॉबर, म्हणजे माणसं घेणारा मुकादम, यायचा, पान चावत डोक्यांवरून नजर फिरवायचा, आणि बोट दाखवायचा. तू. तू. तू. कोण आधी आलंय, कोण चार दिवस रिकामं परततंय, काही नाही. ज्यानं गावाहून कोंबडी आणून दिली तो आत. ज्याची बायको जॉबरणीच्या घरी मसाला कुटून आली तो आत. "सगळ्यात पुढे मी उभो," बाबा सांगायचे, आणि अजूनही सांगताना त्यांच्या मानेची शीर उठायची, "आणि त्याचा बोट माझ्या डोक्यावरून मागे जाय. डोक्यावरून! जसो मी थंय नायच." मग पर्मनंट झाले, मग संप झाला, संपात मिल गेली, आणि गावची जागा भावाला लिहून देऊन ही गिरणी आली. पहिल्या दिवशी बाबांनी फुलं वाहिली, दगडाला हात लावला आणि पोरांना समोर बसवून एकच गोष्ट सांगितली. डबो हलवचो नाय. देव आलो तरी. आणि हलवला नाही. नगरसेवकाचा माणूस गाडी चालू ठेवून आला, त्याला सांगितलं, गाडी बंद करा, पेट्रोल जळतंय, तुमचा आठवा आहे. दिवाळीत सख्खी बहीण, सुगंधाची आत्या, चकलीची भाजणी घेऊन मालाडहून आली, तिला तीन तास बसवली. आत्या म्हणाली, अरे दादा, मी परकी काय? बाबा म्हणाले, परकी असतीस तर लवकर उठून आली असतीस. आत्या वर्षभर बोलली नाही. आई रडली. आणि सुगंधा, तेव्हा नववीतली, नुकतंच दप्तर माळ्यावर फेकलेली, कारण शाळेत बाईंनी उशिरा आल्याबद्दल तिला उन्हात उभं केलं आणि तिच्याही मागून आलेल्या डॉक्टरांच्या मुलीला हसून आत घेतलं, ती सुगंधा त्या दिवशी कोपऱ्यात उभी राहून बापाकडं बघत होती आणि तिच्या अंगावर काटा आला होता. तिला वाटलं होतं, आहे. जगात एक जागा आहे.

त्या जागेवर आता ती उभी होती आणि गिरणी खडखडत होती. पीठ उडत होतं. तिला एकदम रविवार आठवला. रविवारी सुहासिनीकाकू आल्या होत्या, सोसायटीच्या सेक्रेटरींची बायको. डबा त्यांची मोलकरीण आणते, काकू स्वतः कधी येत नाहीत, म्हणून सुगंधाच्या लक्षात राहिलं. काकू पायरीच्या खाली उभ्या राहिल्या, पदर नाकाला, पिठाचा त्रास होतो म्हणून. हळू बोलतात त्या, फार गोड. "धोंडूकाका, त्या आवाजाच्या तक्रारीचं हे बघताहेत हं. कमिटीत चारपाच जण फारच मागे लागलेत, गिरणी हलवा म्हणून. हे म्हणतात, माणूस कष्टाळू आहे." मग इकडचं तिकडचं. आणि मग निघता निघता, विसरलेलं काहीतरी आठवावं तसं, "आणि आमचं दळण ना, ते जरा त्या मागच्यांच्या आधी होईल असं बघाल का? आम्ही काही मानत नाही हो. सासूबाईंचं वय झालंय, त्यांना उगीच..." बाबा तेव्हा काय बोलले? सुगंधानं आठवून बघितलं. बाबा काही बोललेच नव्हते. हसले होते. ती सुपात गहू घोळत होती आणि तिला वाटलं, आता बाबा देतील एक ठेवून. नाही दिली, तेव्हा तिनं मनातल्या मनात बापाच्या वतीनं कारण शोधलं, की बाईमाणसाशी काय बोलायचं म्हणून गप्प बसले. स्वतःच शोधलेल्या त्या कारणाची आता तिला शिसारी आली. ते हसू होकार होता. तीन दिवस तो होकार खिशात घालून हा माणूस तिच्याबरोबर जेवला, झोपला, आणि तिला जेवायला पाठवून डबे हलवले. पाठवून! समोर हलवायची हिंमत नाही.

"बाबा." गिरणीच्या आवाजात ऐकू गेलं नाही, किंवा गेलं. "बाबा! मालनमावशीचा डबा मागं कुणी ठेवला?"

"पीठ सांडता, सरक."

"कुणी ठेवला?"

"सुगंधा, गप रव." त्यांनी मान वळवली नाही. भुवयांवर पीठ बसून ते एकदम म्हातारे दिसत होते, आणि त्याचाच तिला जास्त राग आला, की ह्या वेळेला म्हातारं दिसायचं काय काम? "आजच्या दिवस. एकदाच. माका काय हौस आसा? तो आवाजाच्या तक्रारीचो अर्ज माहीत आसा ना तुका? गाळो गेलो तर रस्त्यावर बसान दळतलंय?"

"मग सांगा ना तसं. मावशीला सांगा, सोसायटीला घाबरलो म्हणून."

"तुका धंद्यातला काय कळता गो?"

"तुम्हीच शिकवलंत तेवढं कळतं."

आता त्यांनी बघितलं. बघितलं आणि नजर काढून घेतली. एकदाच. तिच्या डोक्यात तो शब्द दगडासारखा फिरायला लागला. जॉबरपण पहिल्यांदा बोट मागं दाखवताना मनात एकदाच म्हणाला असेल. शाळेतल्या बाईपण त्या डॉक्टरच्या पोरीला आत घेताना म्हणाल्या असतील. त्यापेक्षा बाबा उघड म्हणाले असते, मी चोर आहे, माझ्या गिरणीत ज्याचा वशिला त्याचं दळण, तर परवडलं असतं, बायकांनी आपापल्या डब्यावर पहारा दिला असता. पण तीन वर्षं सगळ्यांना निर्धास्त करायचं आणि मग पाठ फिरल्यावर... तिला वाटलं, डबे उचलून रस्त्यावर भिरकावून द्यावेत, सगळे, गहू गटारात जाऊ दे.  तरी तिनं सवयीनं नळा धरला, झटकला, भरलेला डबा बाजूला केला, वरच्या पेटीत पुढचं दळण ओतलं. पाचवा डबा. तिसऱ्याच्या जागी पाचवा, आणि ओतणारे हात तिचेच. हे तिला ओतून झाल्यावर कळलं.

मालनमावशी अडीचला आली. ती म्युन्सिपाल्टीच्या प्रसूतिगृहात आया होती. सकाळची पाळी संपवून, तिथल्या फिनेलच्या वासासकट, तशीच थेट. गिरणी उघडली तेव्हा पहिले दोन दिवस कुत्रं फिरकलं नव्हतं, तिसऱ्या दिवशी पहिला डबा हिनं आणला होता. जाडजूड बाई, चालताना धापायची, पण जीभ तरतरीत. "काय गं सुगे, झालं का माझं? लाइट गेली व्हती म्हनं. तिथं आमच्या दवाखान्यात तर एक बाई मेनबत्तीवर बाळंत झाली. पोरगं झालं, नाव दीपक ठेव म्हटलं." ती स्वतःच हसली आणि मग तिनं दळलेल्या डब्यांकडं बघितलं, मग रांगेकडं, मग शटरकडं. हसू तोंडावर तसंच राहिलं, डोळ्यांतलं गेलं. त्याच वेळी जिन्यावरून सुहासिनीकाकू उतरल्या, आपलं कुठवर आलंय ते बघायला, आणि पायरीखाली थांबल्या.

"धोंडूभाऊ, माझा डबा तिकडं काय करतोय?"

बाबांनी घसा साफ केला. गिऱ्हाइकाशी ते शहरातलं बोलायचे. "ज्वारी ना मालनबाई. ज्वारी-बाजरी चारनंतर, आपला नेहमीचाच नियम. आज लाइटमुळे अजून उशीर."

मावशी धापत डब्यापाशी गेली, खाली बसली आणि झाकण उघडलं. गहू होते. लख्ख, निवडलेले, वर कडुलिंबाचा पाला. तिनं मूठभर उचलून तसेच परत सोडले. सुगंधाला तो आवाज गिरणीच्या आवाजातूनही ऐकू आला. मागच्या चाळीचा डबा म्हणजे ज्वारी. उघडून बघायचीसुद्धा गरज वाटली नाही बाबांना. सुगंधाचे कान तापले, जशी काही तीच पकडली गेली होती.

"हां, मग," बाबा म्हणाले, आणि त्यांनी खांद्यावरचा पंचा काढून परत खांद्यावर टाकला, "मग पोरीनं चुकून ठेवला असेल. मी जेवायला गेलो होतो."

सुगंधाला आधी अर्थच लागला नाही. शब्द कानावर आले आणि बाहेरच थांबले. मग लागला. मावशीनं तिच्याकडं बघितलं. रागानं नाही. "तू ठेवलास व्हय गं?" एवढंच, अगदी हळू, बाळंतिणीला विचारतात तसं.

"मी जेवायला गेले होते," सुगंधा म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच किनरा वाटला. "बाबा इथं होते. बाबांनी ठेवला. तुमचा, आणि हे तीनपण. चारही चाळीतले. सुहासिनीकाकूंना तुमच्यानंतर दळण नकोय, म्हणून."

पाचवा डबा भरत आला होता. कुणी नळा झटकत नव्हतं.

"अगं, काय बोलतेस तू?" काकू म्हणाल्या. "मी असं कधी म्हटलं? सासूबाईंचं म्हणून मी फक्त..."

"म्हनल्या असाल, नसाल," मावशी उठत म्हणाली. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. "तुमचं माझं काय बोलनं न्हाय. माझा डबा धोंडूभाऊंच्या जिवावर इथं असतो. धोंडूभाऊ, म्या काय म्हनते, तुमची अडचन असंल. गाळा त्यांचा हाय. मग येळ बदला की. पन ते भिंतीवर लिवा. मागच्या चाळीचे डबे अमुक वाजता. तेवढं लिवा. मला वाचाया येतं. मी त्या येळंला आनीन, न्हायतर नाल्यापलीकडच्या गिरनीत जाईन. माझं माझं ठरवीन. पन लिवा."

गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी घालून खाचा पाडणारा येतो त्याला खुणा करायला ठेवलेला खडू खिडकीत होता. सुगंधानं तो घेतला, स्टुलावर चढली आणि पिठानं पांढुरक्या झालेल्या भिंतीवर हात फिरवून जागा मोकळी केली. नववीपर्यंतचं अक्षर, पण मोठं काढलं. मागच्या चाळीचे डबे. मग खडू टेकवून ती वळली. वरून बाबांच्या डोक्यावरचा चकचकीत भाग दिसत होता. "पुढं काय लिहू?" तिनं विचारलं. "सांगा. चारनंतर? सहानंतर? का सोसायटीचं झाल्यावर?"

"असं कुठं भिंतीवर लिहितात का गं," काकू पुटपुटल्या. "लोक काय म्हणतील?"

"बाबा, सांगा ना. एकदाच लिहायचंय."

बाबा खाली बघत होते.  तिला वाटत होतं, बोलावं ह्या माणसानं. काहीही बोलावं. चारनंतर म्हणावं, मी लिहीन, आणि मग निदान भांडायला समोर काहीतरी असेल. किंवा म्हणावं, चुकलो. पण त्यांच्या तोंडून आलं ते फक्त, "पूस."

"तुम्ही पुसा."

त्यांनी पुसलं. चवड्यांवर उभं राहून, पंच्यानं, शाळेतल्या शिपायासारखं. पुसल्यावर ती जागा बाकीच्या भिंतीपेक्षा काळी दिसायला लागली. "मालनबाई," ते भिंतीकडंच तोंड ठेवून म्हणाले, "द्या डबा. आत्ता घेतो."

"आता नगं." मावशीनं चुंबळ केली. "आता घ्याल ते पोरगी वरडली म्हनून. उद्या पोरगी जेवाया गेली की?" सुगंधा डबा उचलू लागायला धावली. मावशीनं हात लावू दिला, डोक्यावर नीट बसवून घेतला, आणि सुगंधाचा पिठाचा हात गालाला लागला तो पुसलापण नाही. पण शाब्बास नाही, येते नाही. तिला जाताना बघून सुगंधाला वाटलं, मी खरं बोलले ना? मग माझा का राग? आणि मग लख्खकन कळलं, की मावशीच्या दृष्टीनं गिरणी एक आहे. बाप निराळा, लेक निराळी, असं काही नाही. तीन वर्षं एक होती तेव्हा कुठं तक्रार होती तुझी?

पाचवा झाला. सुगंधानं चाळीतले उरलेले तीन डबे उचलून आपापल्या जागी ठेवले, आदळलेच, आणि चौथ्याचं झाकण उघडलं. त्याच्यानंतर काकूंचा होता. काकूंनी बघितलं. "आमचा आज राहू दे," त्या म्हणाल्या. "ह्यांना सांगते मी संध्याकाळी. सगळंच सांगते." मोलकरीण आली नव्हती. काकूंनी कडीला हात घालून बघितला, पंधरा किलो गहू जागचे हलले नाहीत. सुगंधा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिला सांगायची कुणाची टाप नव्हती. मग बाबा पुढे झाले. वाकले, डबा खांद्यावर घेतला, आणि काकूंच्या मागून जिना चढायला लागले. तिसरा मजला. काकू पुढं, पदर नाकाला, आणि मागून बाबा, एक हात डब्याला, एक कठड्याला, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. ती बघत राहिली. ह्या पाठीवर ती लहानपणी बसली होती. आता तिला ती पाठ मारावीशी वाटत होती आणि तिच्यावरचा डबा काढून घ्यावासापण वाटत होता, आणि ह्या दोन्हींतलं काहीच तिनं केलं नाही. मागून जळल्यासारखा वास आला. दगड रिकामे फिरत होते, एकमेकांना खात होते. ती पळत आली आणि चौथ्या डब्यातले गहू ओतले.

मग रुक्मिणी आली. मागच्या चाळीतलीच, मालनमावशीची जाऊ, डोक्यावर डबा, जवळजवळ पळतच. बातमी तिच्यापर्यंत पोचली होती, अर्धी चाळ दारात उभी असणार. "सुगे, बरं बोललीस गं तू. वाघीन हायस. बापाचं तोंड बघाया पायजे हुतं." तिनं डबा उतरवला, रांगेत ठेवायच्या ऐवजी थेट पेटीजवळ आणला. "हे घे. लगीच टाक. पावने बसल्यात घरी, पोळ्या करायच्यात. आज आमचे मागं टाकले ना तुमी? मग आता एक पुढं घे. फिटंफाट."

सुगंधाचे हात खरंच पुढे झाले. डब्याच्या कडीपर्यंत गेले. ह्या बाईला द्यावं, हिलाच द्यावं, सगळ्या सोसायटीच्या छाताडावर पाय देऊन हिचं आधी दळावं, असं तिच्या पोटातून वर आलं. कोण बघतंय? पाच डबे, त्यांना डोळे थोडेच आहेत? एकाचं झाकण दोरीनं बांधलेलं. एकावर कुणा पोरानं चिकटवलेलं चित्र.

"तुझा सहावा आहे, रुक्मिणीकाकू," ती म्हणाली. "पाच वाजल्यानंतर ये."

"काय?"

"पाच आहेत आधी. सहावा तुझा."

"अगं, मी मालनची जाऊ! आज एवढं झाल्यावर पन?" रुक्मिणी तिच्याकडं बघतच राहिली. मग तिचं तोंड वाकडं झालं. "मला वाटलं हुतं, तू येगळी असशील. बापाचीच हायस."

सुगंधाला सांगावं असं वाटलं, पण काय सांगणार, कुठून सांगणार, गिरणी एवढी खडखडत होती. तिनं डबा उचलला, रांगेच्या शेवटी नेऊन ठेवला, आणि तो जरा वाकडा राहिला म्हणून पायानं सरळ केला.

"ठेवून जातेस का नेतेस?" तिनं ओरडून विचारलं.

रुक्मिणी पायरीवर बसली. डब्याकडं तोंड करून, हाताची घडी घालून, बसून राहिली.